फेलोशिप मंजूर, हप्ता बेपत्ता

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरले की पीएच.डी.च्या फेलोशिपवर दोन-तीन दिवस हमखास गदारोळ होतो. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत ‘सारथी’ या सरकारी संस्थेच्या फेलोशिपची संख्या दोनशेवर का आणली, असा प्रश्न आला. त्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, असा प्रतिप्रश्न केला. मग निषेध झाले, खुलासे झाले आणि यथावकाश विषय मागे पडला. त्या सगळ्या वादात चघळले गेले ते दोनच प्रश्न: फेलोशिप किती जणांना द्यायची आणि कोणत्या समाजाच्या वाट्याला किती जागा. मंजूर झालेले पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात कोणत्या तारखेला पडतात, हे ना सत्ताधाऱ्यांनी सांगितले, ना विरोधकांनी लावून धरले. वास्तविक सगळी गोम तिथेच आहे. पैसे वर्ष-दीड वर्ष उशिरा येणार असतील तर जागा दोनशे असोत की दोन हजार, ज्या मुलासाठी ही योजना आखली त्याच्या हाती ती क्वचितच लागते. ज्याला तेवढे दिवस थांबणे परवडते, त्याचाच तिच्यावर हक्क उरतो.

आधी रकमा पाहू. यूजीसीच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा दर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहे आणि दोन वर्षांनी कामाचे मूल्यमापन होऊन संशोधक ‘सीनिअर’ झाला की ४२ हजार. त्यावर शहरानुसार घरभाडे भत्ता मिळतो. पुस्तके, झेरॉक्स, प्रवास यांसाठी वर्षाला वेगळी कंटिन्जन्सी मिळते, पण मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे ती वर्षाला अवघी दहा हजार रुपये असते. अनुसूचित जातींसाठीची पुण्यातली बार्टी, मराठा समाजासाठीची सारथी आणि ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठीची नागपूरची महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही साधारण याच धर्तीच्या आहेत. दोन वर्षे ३७ हजारांनी आणि तीन वर्षे ४२ हजारांनी हिशेब मांडला, तर भत्ते सोडून एका संशोधकामागे पाच वर्षांत बरोबर २४ लाख रुपये होतात. रक्कम लहान नाही आणि करदात्याने तिचा हिशेब मागावा, यात गैर काही नाही. मात्र या रकमेला एक अट जोडलेली असते. फेलोशिप घेणाऱ्याने पूर्णवेळ संशोधन करायचे, कुठेही पगारी नोकरी करायची नाही आणि तसे स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचे. अट रास्त आहे. पण ज्या सरकारने कमावण्याची वाट बंद केली, त्याने पर्यायी पैसे वेळेवर दिले पाहिजेत, ही त्या कागदाची न लिहिलेली दुसरी बाजू आहे. विद्यार्थ्याने आपली बाजू मोडली तर वसुलीची नोटीस येते. सरकारने मोडली तर काय, याविषयी त्या कागदावर एक ओळही नसते.

सरकारने ती कशी मोडली, हे पाहायला बार्टीच्या दोन तुकड्या पुरेशा आहेत. २०२१ च्या तुकडीत ८६१ जण पात्र ठरले आणि जागा दोनशेच असल्याचे त्यांना सांगण्यात आले. या मुलांनी तोवर विद्यापीठांत प्रवेश घेतलेले होते, विषय मान्य करून घेतले होते, काहींनी हातातली कामे सोडली होती. २०२३ च्या उन्हाळ्यात ही मुले-मुली मुंबईच्या आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसून राहिली, तेव्हा कुठे सगळ्यांना फेलोशिप देण्याचे ठरले. त्यातून काही धडा घेतला जाईल असे वाटत होते. पण पुढची तुकडी २०२२ ची. तिच्यासाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती यांची मिळून एक चाळणी परीक्षा २४ डिसेंबर २०२३ रोजी घेतली गेली, म्हणजे बार्टीच्या मुलांचे नोंदणीचे वर्ष उलटून आणखी एक वर्ष संपत आल्यावर. त्या दिवशी मुलांच्या हाती पडली ती २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका. फेरपरीक्षा १० जानेवारी २०२४ रोजी झाली, तेव्हा काही केंद्रांवर प्रश्नपत्रिकांची पाकिटे सीलबंद नसल्याची तक्रार झाली आणि मुलांनी बहिष्कार टाकला. अखेर परीक्षेचा नाद सोडून जुलै २०२४ मध्ये पात्र सर्वांना निम्मी फेलोशिप देण्याचा निर्णय झाला. बार्टीचे असे ७६३ जण होते. मग पूर्ण रकमेसाठी पुन्हा उपोषणे, पुन्हा मोर्चे. तीन वर्षांच्या किमान मुदतीच्या पदवीतली पहिली दोन वर्षे मुलांनी ग्रंथालयापेक्षा मैदानावर जास्त काढली आणि तरीही वर आपण विचारतो, मराठी विद्यापीठांतून दर्जेदार संशोधन का होत नाही!

उशिराने फार काही बिघडत नाही, थकबाकी एकरकमी मिळतेच ना, असे मंत्रालयातल्या माणसाला प्रामाणिकपणे वाटू शकते. पगाराच्या फरकाची सवय असलेल्या मनाला ते पटण्यासारखे आहे. वेतन आयोगाचा फरक दोन वर्षांनी आला तरी नोकरदाराचे काही अडत नाही, कारण मूळ पगार दर महिन्याला आलेला असतो. फेलोशिपचे तसे नाही. समजा, एखादी मुलगी ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर प्रबंध लिहिते आहे. बीडमधल्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि कारखान्यांचे गाळप संपले की मार्च-एप्रिलात परततात. तिला काम करायचे तर याच पाच-सहा महिन्यांत सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात फडावर, कोपीशेजारी राहून करावे लागणार. एस.टी.चे भाडे, गावात खोली, रेकॉर्डर, मुलाखती उतरवून घेणाऱ्याचे पैसे हे सगळे नोव्हेंबरात लागते. पैसे मे महिन्यात आले, तर तोवर फड मोकळे झालेले असतात. तिच्या खात्यात रक्कम पूर्ण जमा होते, पण संशोधनाचे एक वर्ष गेलेले असते आणि ते फरकाने भरून येत नाही. ज्या कामगारांचा ती अभ्यास करते, त्यांना मुकादम निदान हंगामाआधी उचल देतो, मग तिच्या अटी कितीही जाचक असोत. खरिपातल्या पिकावर काम करणारा कृषी विद्यापीठातला मुलगा, मेळघाटात पावसाळ्यातल्या कुपोषणाची पाहणी करणारा, पुणे पुराभिलेखागारात मोडी रुमाल वाचायला परभणीहून येऊन खोली घेणारा, या सगळ्यांची गत थोड्याफार फरकाने हीच.

मग ही मुले काय करतात? जे करायचे नाही असे स्टॅम्प पेपरवर लिहून दिलेले असते, नेमके तेच. कुणी स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवतो, कुणी दुसऱ्याच्या नावावर तासिका तत्त्वावर तास घेतो, कुणी गावी जाऊन शेतीत हात घालतो आणि महिन्यातून एकदा गाइडच्या सहीसाठी येतो. ज्यांच्या घरी दोन एकर कोरडवाहू आहे, ते हातउसने घेतात. थकबाकी येते तेव्हा ती खोलीमालक, मेसवाला आणि मित्र यांच्यात वाटून संपते. पुस्तकाला, प्रवासाला त्यातले काही उरत नाही. मुलींचा प्रश्न आणखी नाजूक आहे. ‘माझे मी शिकते आहे, घरून एक पैसा घेत नाही’ हे वाक्य लग्नाचा विषय चार वर्षे लांबवू शकते. ते खरे ठरण्यासाठी हप्ता महिन्याच्या महिन्याला आला पाहिजे. आठ महिने काही आले नाही की घरातले मोठे काय बोलतात, हे सांगायला कुठल्या पाहणीची गरज नाही. ज्याचे वडील प्राध्यापक आहेत किंवा ज्याची पत्नी नोकरी करते, तो मात्र शांतपणे थांबतो आणि पूर्ण रक्कम घेतो. वंचितांसाठीची योजना अशी हळूहळू त्या-त्या समाजातल्या त्यातल्या त्यात सुस्थितीतल्या माणसाकडे सरकते. तिचा जीआर तसाच राहतो आणि लाभार्थी बदलतो.

नियमित, मुदतबंद आणि आधी ठरलेला पैसा अभ्यासाचे काय करू शकतो, याचा महाराष्ट्रातला दाखला सर्वांना ठाऊक आहे. जून १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. अटी कडक होत्या, पण संदिग्ध नव्हत्या. त्या भरवशावर कोलंबिया विद्यापीठात त्यांनी केलेल्या अभ्यासाची गोष्ट आपण सभासंमेलनांतून सांगतोच. तिचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येऊन तो पुरा करण्याची मुभा विद्यापीठाने दिली, म्हणून वाट शिल्लक राहिली. मधल्या काळात बडोद्याची नोकरी, तिथली मानहानी, मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून केलेली बचत, शाहू महाराजांची मदत, एका मित्राकडून घेतलेले कर्ज आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये आला. त्यांच्यासारख्या माणसाचीही तीन वर्षे पैशांअभावी गेली. शिवाय तिथे विद्यापीठाने चार वर्षे दार उघडे ठेवले होते. आज यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ला कमाल सहा वर्षे आहेत आणि त्यातली दोन फेलोशिपची वाट पाहण्यात गेली म्हणून सरसकट वाढवून मिळण्याची सोय त्यात नाही.

त्याहून जुना दाखला पेशव्यांच्या दक्षिणेचा. श्रावणात पुण्यात वर्षातून एकदा रमण्यात, म्हणजे त्यासाठीच्या पटांगणात, विद्वान ब्राह्मणांना ती वाटली जाई. इंग्रजी अमलात लोकहितवादी आणि इतरांच्या प्रयत्नांतून त्या निधीचा काही भाग नव्या विद्येकडे वळला आणि कॉलेजांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. एका विशिष्ट जातीपुरते असलेले वार्षिक दान जाऊन ठरावीक कामासाठी ठरावीक मासिक वेतन आले, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा बदल होता. आजची थकून-थकून एकदम मिळणारी फेलोशिप पाहिली की गाडी पुन्हा श्रावणाकडे चालली आहे असे वाटते, फक्त आता रमण्याच्या जागी आझाद मैदान आहे.

राज्य सरकारलाच दोष द्यावा आणि केंद्राचे कौतुक करावे, अशीही परिस्थिती नाही. केंद्रीय विद्यापीठांत नेट न झालेल्या संशोधकांना २००६ पासून मिळणारी फेलोशिप पीएच.डी.साठी महिना आठ हजारांवर दशकाहून अधिक काळ अडकून पडली आहे. २०१५ मध्ये ती बंदच करण्याचा यूजीसीचा विचार होता आणि दिल्लीत विद्यार्थ्यांनी यूजीसीच्या दारात ठाण मांडले म्हणून ती टिकली. राज्य विद्यापीठांतल्या मुलांना तर तीही नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी २००९ मध्ये सुरू झालेली मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. इतर योजनांशी तिची सरमिसळ होते, हे कारण. ज्यांची आधीच सुरू होती त्यांना ती मिळत राहील, असे आश्वासन होते. २०२५ मध्ये त्या उरलेल्या संशोधकांचेही पैसे महिनोन्‌महिने थकले. एकाच लाभार्थ्याने दोन ठिकाणांहून पैसे घेऊ नयेत, हे मान्यच आहे. ते रोखायला आधार क्रमांक आणि एक यादी पुरेशी होती, योजना बंद करण्याची गरज नव्हती. दुसऱ्या टोकाला २०१८ च्या अर्थसंकल्पातून आलेली पंतप्रधान संशोधन फेलोशिप आहे, सुरुवातीला महिना ७० हजार आणि पुढे ८० हजारांपर्यंत, वर दरसाल दोन लाखांचे संशोधन अनुदान. ती मुख्यतः आयआयटी, आयआयएस्सीसारख्या संस्थांतल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या संशोधकांसाठी. चांगल्या मुलाला चांगले पैसे द्यावेत, यावर माझे काही म्हणणे नाही. पण एकाच देशात पीएच.डी. करणाऱ्या एकाला ७० हजार, दुसऱ्याला आठ हजार आणि तिसऱ्याला फक्त मंजुरीचे पत्र, हे धोरण म्हणून कुणी बसून आखलेले दिसत नाही. वेगवेगळ्या खात्यांनी वेगवेगळ्या वेळी केलेल्या घोषणांचा तो साचलेला थर आहे.

आता ‘तिजोरीला परवडत नाही’ या मुद्द्याकडे येतो, कारण तो पोकळ नाही. पाच वर्षांत एकामागे २४ लाख धरले, तर हजार जणांच्या एका तुकडीचे वर्षाला सरासरी ४८ कोटी होतात. पाच तुकड्या एकाच वेळी चालू राहिल्या तर वर्षाला २४० कोटी, वर भत्ते. राज्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प सात लाख कोटी रुपयांचा होता. त्यात ही रक्कम डोंगराएवढी नाही, पण प्रत्येक खात्याची अशीच ‘छोटी’ मागणी असते, हेही खरे. म्हणून संख्येवर मर्यादा असूच नये, असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार मर्यादा केव्हा घातली, याविषयी आहे. दोनशे जागा परवडत असतील तर दोनशे सांगा, मात्र प्रवेशाच्या आधी सांगा. मुलगा नोकरी सोडून, घर सोडून, विषय नोंदवून बसल्यावर दीड वर्षाने मर्यादा जाहीर करणे म्हणजे खेळ सुरू झाल्यावर नियम बदलणे आहे. यात काटकसरही साधत नाही. आंदोलन झाले की शेवटी सगळ्यांना द्यावेच लागते, हे ८६१ च्या बाबतीत दिसले. म्हणजे पैसे गेलेच, वर दोन वर्षांचे संशोधन गेले आणि सरकारच्या शब्दाची पत गेली ती वेगळी. कंजूष माणसानेही असा व्यवहार केला नसता.

इथे विद्यार्थी संघटनांशीही माझे मतभेद आहेत, ते सांगायला हवेत. ‘सरसकट द्या’ ही मागणी आंदोलनाच्या दिवशी समजू शकते, कारण सरकारने दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. पण कायमचे धोरण म्हणून ती चुकीची आहे. निवड असलीच पाहिजे, फक्त ती बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेने व्हावी असे नाही. संशोधनाचा आराखडा विद्यापीठाच्या समितीने एकदा तपासलेला असतोच. त्यावर बाहेरच्या दोन विषयतज्ज्ञांनी गुण दिले तरी कोण काय करू पाहतो आहे ते कळते. तसेच प्रत्येक समाजाची वेगळी संस्था, वेगळा अर्ज, वेगळी जाहिरात आणि वेगळे आंदोलन ही रचना आता कुणाच्याच फायद्याची राहिलेली नाही. जागा वेगळ्या राहाव्यात, आरक्षणाचे तत्त्व अबाधित राहावे, पण पैसे देणारी खिडकी सगळ्यांना एकच असावी. ३० ऑक्टोबर २०२३ च्या शासन निर्णयाने या संस्थांना समान धोरण लावले खरे, पण समानता आली ती जागांच्या मर्यादेत आणि परीक्षेत. हप्त्याच्या तारखेत आली नाही.

पीएच.डी.चा दर्जा घसरला आहे, निम्मे प्रबंध उचलेगिरीचे असतात, मुले फेलोशिपसाठीच नाव नोंदवतात, हा आक्षेप आता अगदी सुशिक्षित घरांतूनही ऐकू येतो. निम्मे हा आकडा कुणी मोजलेला नाही, पण उचलेगिरी आहे आणि ती बरीच आहे, हे विद्यापीठात वावरणारा कुणीही नाकारणार नाही. प्रश्न हा की ती रोखायची कुठे. दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती अहवाल मांडायचा, असा नियम आहे. साहित्यचौर्याविषयी यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. समितीच्या बैठकीत चहा-बिस्किटे होऊन सगळ्यांचेच काम ‘समाधानकारक’ ठरत असेल, तर दोष समितीचा आणि गाइडचा आहे. तिथे एकाचे काम असमाधानकारक ठरवून त्याची फेलोशिप थांबवायला कुणी हात धरलेला नाही. पण ते अवघड असते, ओळखीपाळखीचे असते. त्यापेक्षा सगळ्यांचेच पैसे अडवणे सोपे. गंमत अशी की पैसे अडवल्याने बनावट संशोधक अजिबात अडत नाही. त्याचा दुसरीकडे पोटापाण्याचा उद्योग चालूच असतो आणि प्रबंध कुठून तरी ‘तयार’ होणार असतो. फडावर आणि पुराभिलेखागारात बसणाराच तेवढा अडतो. उरला नोकऱ्यांचा मुद्दा, की इतक्या पीएच.डी. घेऊन ही मुले जाणार कुठे? तर महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवून, त्या तासिका तत्त्वावर चालवून, वर हा प्रश्न विचारायला सरकारला थोडा संकोच वाटायला हवा.

सार्वजनिक पैसा कागदपत्रांशिवाय देता येत नाही, हा लेखाविभागाचा मुद्दा मात्र मला गंभीर वाटतो. हजेरीपत्रक, गाइडची सही, विभागप्रमुखांची सही, संशोधन केंद्राच्या प्राचार्यांचा शिक्का, घरभाड्याचा दाखला, कंटिन्जन्सीची बिले, प्रगती अहवाल, यातले काहीच अनावश्यक नाही. पण यातला एक कागद राहिला की पूर्ण फाइल परत, आणि ती परत आल्याचे विद्यार्थ्याला कळते ते गडचिरोलीहून किंवा किनवटहून पुण्याला खेप घातल्यावर. याला तपासणी म्हणत नाहीत. यूजीसीने आपल्या फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवर नेल्या, तेव्हा प्रत्येक संस्थेत एक ‘मेकर’ आणि एक ‘चेकर’ नेमायला लावला. पहिल्याने दर महिन्याला नाव पुढे करायचे, दुसऱ्याने पडताळायचे, मग रक्कम थेट खात्यात. त्यातही संस्थेतला कारकून रजेवर गेला की मुलाचा महिना बुडतो, पण चूक कुठे झाली ते निदान दिसते आणि कोणाला धरायचे ते कळते. आपल्या राज्याला तांत्रिकदृष्ट्या हे जमत नाही, असे कुणी म्हणू नये. जुलै २०२४ पासून दोन कोटींहून अधिक महिलांच्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपये टाकण्याची व्यवस्था याच सरकारने काही आठवड्यांत उभी केली. तिचेही हप्ते अधूनमधून पुढे ढकलले जातात, पण ढकलले गेले की दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी येते आणि मंत्री तारीख सांगतात. काही हजार संशोधकांच्या मतांना तेवढे वजन नाही, एवढाच फरक.

म्हणून त्यांच्या बाजूने कायद्याचे वजन हवे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. जातीचा दाखला, रहिवासी दाखला अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत द्याव्या लागतात. न दिल्यास त्याच खात्यात दोन अपिले, तिसरे सेवा हक्क आयोगाकडे आणि दोषी अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. फेलोशिपचा मासिक हप्ता या यादीत घालावा. जागांची संख्या विद्यापीठांच्या प्रवेशाच्या जाहिरातीआधी प्रसिद्ध व्हावी आणि निवड नोंदणीपासून तीन महिन्यांत संपावी. त्यानंतर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रक्कम पडावी. कागद अपुरा असेल तरी मूळ रक्कम थांबू नये, फक्त भत्ते थांबावेत आणि सहामाही अहवाल आला नाही तर पुढच्या सहामाहीपासून पैसे रोखावेत. म्हणजे तपासणी राहील आणि चुकीची झळ चुकणाऱ्यालाच बसेल. उशीर सरकारकडून झाला, तर थकलेल्या रकमेवर व्याज द्यावे आणि तेवढे महिने पीएच.डी.च्या मुदतीतही वाढवून द्यावेत. यातला मुदतवाढीचा भाग यूजीसीच्या अखत्यारीतला आहे, त्यासाठी राज्याला दिल्लीशी पत्रव्यवहार करावा लागेल. बाकी सगळे मुंबईतच, एका अधिसूचनेने आणि अर्थसंकल्पातल्या एका स्वतंत्र लेखाशीर्षाने होण्यासारखे आहे. ते लेखाशीर्ष वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवता येणार नाही, एवढी अट वित्त विभागाने मान्य केली तर येत्या जूनमध्ये नोंदणी करणाऱ्या तुकडीपासूनच सुरुवात करता येईल.